ऑइलपेंटवर खडू उमटत नाही

संजूताई,

तुझा फ्लेक्स लागलाय, एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर. वर गोलात तू, कुठल्यातरी लग्नाच्या फोटोतून कापलेली; शेजारच्या बाईचा खांदा अजून दिसतोय. खाली हात जोडलेल्या पुरुषांच्या दोन रांगा, एकेकाचं तोंड तुझ्यापेक्षा मोठं. त्यातल्या निम्म्यांना तुझं नाव तू गेल्यावर कळलं. नावाआधी 'कै. कु.' लावलंय. चाळिशी ओलांडलेली, पांढरे केस न रंगवणारी तू, आणि मेल्यावर या लोकांनी तुला कुमारी करून टाकलं. मी तिथेच थुंकले. रिक्षावाला म्हणाला, "काय गो, पानबिन खातेस काय?" म्हटलं, "नाही, वाचतेय."

तुझा जन्म, शिक्षण, आजार, सगळं त्या फ्लेक्सवर आहे, म्हणून इथे लिहीत नाही. ज्याला हवं त्याने स्टँडवर जावं. तुला न ओळखणाऱ्यांसाठी एवढंच: पुण्याच्या कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करणारी आणि वर्षातून एका रविवारी आंब्याच्या शेडमध्ये माणसं जमवणारी बाई.

तुझ्याकडे पहिल्यांदा आले ती फुटलेला फॉन्ट घेऊन. माझ्या पत्रकात 'अन्याय'च्या जागी नुसते चौकोन छापून आले होते. तू चष्म्यातून पाहिलंस आणि म्हणालीस, "चौकोनच बरे आहेत. तुझ्या अन्यायापेक्षा वाचायला सोपे." मग फॉन्ट नीट केलास आणि न विचारता माझी उद्गारचिन्हं उडवलीस. "तीन-तीन कशाला फोडतेस? वाचणारा कान झाकून घेतो." त्या दिवसापासून मी तुझी 'पत्रकवाली'. आमच्या वाडीतल्या विहारात मी लहानपणापासून भाषणं ऐकत मोठी झाले, पत्रकं वाटत शहाणी झाले, असं मला वाटायचं. पत्रक छापण्याआधी दुसऱ्याला दाखवायचं असतं, हे तुझ्याकडे कळलं.

सभेची कल्पना तू मला चहा गाळता गाळता सांगितलीस. पुण्यात याला अनकॉन्फरन्स म्हणतात म्हणालीस. कॉम्प्युटर, मोबाइल, इंटरनेट, यातलं कुणाला काय येतं, कुणाचं काय अडतं, एवढ्यावर दिवसभर बोलायचं.

"वक्ते कोण?" मी विचारलं.

"येतील ते."

"विषय?"

"ते आणतील तो."

"आणि नाही आणला तर?"

"तर डबा खाऊन घरी. तुझ्या मोर्चात तरी वेगळं काय होतं?"

मग हॉल शोधणं. पाहुणे नाहीत, स्टेज नको, हार नको म्हटल्यावर हॉलवाल्यांचे चेहरे पडायचे. "मग हॉल कशाला घेताय?" एकाने तर बोलता बोलता मला आडनाव विचारलं. तुला नाही विचारलं. तू पर्स उचललीस आणि वाक्य अर्धं टाकून बाहेर पडलीस. पायऱ्यांवर मी त्याच्यावर पत्रक काढायच्या गोष्टी करत होते आणि तू म्हणालीस, "आधी जागा शोधू, मग जागेवरून भांडू." शेवटी इब्राहिमचाचांनी त्यांची आंब्याची शेड दिली. हंगाम नव्हता. शेडमध्ये गवताचा आणि जुन्या हापूसचा वास, आणि बसायला उलट्या घातलेल्या पेट्या. सगळ्यांची बैठक एकाच उंचीची. हॉल न मिळाल्याचं तेवढं एक बरं झालं.

शेडला दोन दारं. मागचं ये-जा करायला, पुढचं पत्र्याचं. त्याला तू फळ्याचा काळा रंग दिलास आणि खडूने चौकोन आखलेस. सकाळी सगळे चौकोन रिकामे. ज्याला काही सांगायचंय किंवा विचारायचंय त्याने एका चौकोनात लिहायचं आणि आपल्या कोपऱ्यात पाऊण तास बसायचं. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर त्याने उठून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. उठणाऱ्याला थांबवायचं नाही, त्याच्यावर राग धरायचा नाही. आणि आयोजकांनी शेवटी लिहायचं. एवढेच नियम, ते तू तोंडी सांगायचीस.

वारा भरला आणि जांभ्याचा दगड लावायचा राहिला, की ते दार फिरून बाहेरच्या भिंतीवर आदळायचं आणि अख्खं वेळापत्रक भिंतीकडे तोंड करून बसायचं. मी शिव्या घालायचे. तू शांतपणे मागच्या गंजक्या पत्र्यावर पुन्हा आखायला घ्यायचीस. "दाराला दोन बाजू असतात, पत्रकवाली. तुझ्या पत्रकाला एकच."

पहिल्या वर्षीचा घोळ आठवतो? निमंत्रणपत्रिका छापायचं काम माझ्याकडे होतं. प्रेसवाल्या काकांनी सगळं मान्य केलं, फक्त 'प्रमुख पाहुणे' ही ओळ काढायला नकार दिला. "बाय माझे, ह्याच्याशिवाय पत्रिका म्हणत नाय कोण. मयताची वाटंल. मोकळी जागा सोडतो, मिळाला कोण तर पेनानं भरा." आणि खरंच, 'प्रमुख पाहुणे' आणि पुढे टिंबं, अशा पत्रिका गावभर गेल्या. झालं असं, की ज्याच्या-ज्याच्या हातात पत्रिका पडली त्याच्या कार्यकर्त्याने ती टिंबं आपल्या साहेबाच्या नावाने भरली. रविवारी शेडसमोर तीन गाड्या. तीन प्रमुख पाहुणे, तिघेही इस्त्रीचे, तिघेही एकमेकांकडे बघतायत. मी तोंडात ओढणी कोंबली होती. तू तिघांच्या हातात एकेक खडू दिलास. "या ना. बोलायचंय? दारावर लिहा."

दोघे गाडीत बसून निघून गेले. थांबले ते भाऊसाहेब. तालुक्यात कॉम्प्युटरचे क्लास चालवतात, दर क्लासबाहेर स्वतःचा फोटो. त्यांनी लिहिलं, 'डिजिटल युग आणि आजचा तरुण'. पेट्या भरल्या. मग तुझा नियम कामाला लागला. आधी लांज्याहून आलेल्या दोन मुली उठल्या. मग एक निवृत्त मास्तर, गुडघ्यावर हात ठेवून. भाऊसाहेब आवाज वाढवत गेले आणि पेट्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी त्यांचा ड्रायव्हर उरला. तोही म्हणाला, "साहेब, पानी पिऊन येतो." गेला आणि समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

त्या कोपऱ्यात शबाना होती. नवरा जहाजावर, ही दोन पोरांना घेऊन राजिवड्यात. तिने लिहिलं होतं, 'बोटीवरून फोन करतात तो मधीच का तुटतो?' तिला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून तर लिहिलं. पण शेडमधल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी दर्यावर. पॉलिटेक्निकच्या पोरांनी पेटीवर खडूने पृथ्वी काढली, वर उपग्रह काढला. शबाना म्हणाली, "म्हंजे ते खोटं बोलत नाय, वरचा खोटं बोलतो." शेड हसली. तू हसता हसता दाराला टेकलीस आणि दुपारपर्यंत पाठीवर सगळं वेळापत्रक उलटं घेऊन फिरत होतीस.

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं तेव्हाचं हसू मी विसरले नाही. तेही विसरले नव्हते.

आपलं मोठं भांडण मागच्या सभेतलं. बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या बायका आल्या होत्या. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालून घालून बोटांच्या रेषा गेलेल्या, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. मशीन म्हणतं, तुम्ही तुम्ही नाही. एकीने अंगठा वर करून दाखवला, झिजलेल्या पावलीच्या नाण्यासारखा गुळगुळीत. मी पेटीवर चढले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता ठराव करू, ही सभा मागणी करते की वगैरे वगैरे. हात वर होत होते. आणि तू, माझी तू, म्हणालीस, "नाही. ही सभा काही मागणी करत नाही. सभेला तोंड नाही. तू तुझ्या नावाने काढ, पहिली सही मी करते."

"एकेकट्याची सही म्हणजे विनंती, ताई. सभेचा ठराव म्हणजे दणका."

"आज तुझा दणका. उद्या सभेच्या नावाने दुसरा कुणी देईल, तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा. आज त्यांच्या चुली आहेत."

"म्हणून तर त्यांना विचार, त्यांच्या नावाने लिहायचं का. सभेच्या पदराआड कशाला लपतेस?"

मी तुला भित्री म्हटलं. घरी बसून पगार घेणाऱ्यांना भूमिका परवडत नाही, असंही म्हटलं. तू पेट्या उचलायला लागलीस. नंतर सही केलीस, पहिली, सांगितल्याप्रमाणे. मी ते पत्रक वाटलं आणि तरी तुझ्याशी महिनाभर धड बोलले नाही. आजही सांगते, अंगठ्याचा ठराव व्हायला हवा होता. तू मेलीस म्हणून माझं मत बदलणार नाही. तसं बदललं असतं तर तुलाच शिसारी आली असती.

दवाखान्यात तू म्हणालीस, "बरी झाले की भांडू." मी म्हटलं, "आधी भांडू, मग बरी हो." नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर जाताना आणखी काहीतरी बोलायचं होतं, म्हटलं उद्या बोलू. ते काय होतं ते इथेही लिहायला जमत नाहीये. लिहिलं की पत्रक होतं.

तुला न्यायच्या दिवशी मी खांदा द्यायला पुढे झाले, तर तुझ्या काकांनी दंडाला धरून मागे केलं. "बायकांनी द्यायचा नसतो." तुझा भाऊ खाली बघत राहिला. ज्यांच्या फोनमधलं तू सगळं नीट करून दिलंस त्या माणसांची गर्दी होती आणि एकाचाही आवाज निघाला नाही. मी अंगणात राहिले. तुझ्या दारात चपलांचा खच आणि त्यात मी. पत्रकवालीला त्या दिवशी शब्द सुचला नाही. नंतर सगळे सुचले, रात्रभर.

आता शोकसभेचं सांगते, कारण ते तुला कुणी सांगणार नाही.

भाऊसाहेबांनी ठेवली. त्याच हॉलमध्ये, जिथून आपण आडनावासकट परत फिरलो होतो. स्टेज, माइक, समई, खुर्च्यांना पांढरी आवरणं. तुझ्या फोटोला हार. आणि फोटोच्या मागे, ताई, आपलं दार.

शेडचं दार. बिजागऱ्यांतून काढलेलं, घासलेलं, चकचकीत निळा ऑइलपेंट मारलेलं, स्टेजवर टेकूने उभं केलेलं. इब्राहिमचाचांना सांगितलं होतं, ताईच्या आठवणीसाठी हॉलमध्ये लावायचंय. चाचांनी डोळे पुसत काढून दिलं. आणि जिथे सकाळी रिकामे चौकोन असायचे तिथे पिवळ्या अक्षरांत तू, लहान, वरती. आणि खाली ठळक: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष. एक बाई नाही. तुझ्या मागून अध्यक्षांचं पीक आलंय.

भाऊसाहेब बोलले. 'संजीवनी आमची लेक होती.' मग म्हणाले, ताईंच्या सभेने आजवर गुपचूप काम केलं, आता तिला योग्य व्यासपीठ मिळालं पाहिजे. दरवर्षी स्मृती महोत्सव. मान्यवर वक्ते, प्रवेशिका, सत्कार. आणि शेवटी, ऐक: "ही सभा असा ठराव करते, की..."

तुझं वाक्य माझ्या कानात वाजलं. 'उद्या सभेच्या नावाने दुसरा कुणी देईल, तेव्हा?' मी हात वर केला. "माझी संमती नाही."

"बाळ, शोकसभेत वाद नको."

"मग ठराव कशाला?"

"एकमताने मंजूर," ते माइकमध्ये म्हणाले, आणि टाळ्या. शोकसभेत टाळ्या! (हे उद्गारचिन्ह राहू दे. एकच आहे.) टाळ्या थांबताच त्यांनी डोळे मिटले. "आता सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्ध."

सगळे उठले. मीही उठले, आणि उठलेच आहे तर चालू लागले. पर्समध्ये खडू होता, तुझ्यामुळे लागलेली सवय. स्टेजवर गेले. दारावर खडू टेकवला, ओढला. काही नाही. सरकून गेला, काचेवरून सरकावा तसा. पुन्हा जोर देऊन ओढला, खडू मोडला, रेघ नाही. कोळंबीवाल्या बाईचा अंगठा आठवला. मिटल्या डोळ्यांनी भाऊसाहेब हळूच म्हणाले, "खाली उतर." एवढ्या लोकांसमोर मला रडू फुटणार होतं.

मग मी दाराच्या मागे गेले.

मागची बाजू त्यांनी रंगवलीच नव्हती. कोण बघतंय मागून? गंज होता, खिळ्यांची भोकं होती, आणि एका कोपऱ्यात तुझ्या अक्षराचा पुसट पांढरा डाग, कसला तेही वाचता येईना. मी त्याच्या बाजूने पहिली रेघ ओढली. पत्र्यावर खडू किंचाळतो, तुला माहीत आहे. अख्खा हॉल स्तब्ध आणि मागून ती किंचाळी. दुसरी रेघ. आडवी. उभी. कुणी तरी खाकरलं. मी आखत राहिले.

पहिल्यांदा शबाना आली. पायऱ्या चढून, दोन मिनिटं संपायची न थांबता. माझ्याकडे बघितलंन, दाराकडे बघितलंन. "एवढुसा चौकोन काढलायस? माझा प्रश्न मोठा हाय." तिच्या मागून मास्तर, गुडघ्यावर हात ठेवत. मग इब्राहिमचाचा. त्यांनी निळ्या बाजूवरून हात फिरवला, बोटं नाकाला लावली.

"दरवाजा माझा हाय," ते म्हणाले. "लावायला दिलेला. रंगवायला नाय."

"चाचा, हे स्मारक आहे," भाऊसाहेब.

"मंग माझी शेड उघडी पडलीय त्याचा काय? कुत्री निजतात आत. उचल गो पोरी."

आम्ही उचललं. शबाना, मी, मास्तर, चाचा. फोटोचा हार दाराला अडकून आला होता, त्यातली झेंडूची फुलं गळत होती. पत्र्याची कड खांद्यात रुतत होती. खुर्च्यांच्या मधून निघालो तेव्हा तुझे काका वाटेत उभे होते. सरकले. यावेळी दंडाला धरायची हिंमत झाली नाही, की दाराला बायकांनी खांदा द्यायचा की नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं, कोण जाणे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी तुला नेत होते.

सगळे आले नाहीत आमच्या मागे. खोटं लिहीत नाही. बरेचसे बसले, कारण नंतर बटाटेवडे होते. पण तुझा भाऊ आला. शेडपर्यंत मागे चालत आला आणि पेट्या उलट्या घालू लागला.

चाचांच्या माणसांनी बिजागऱ्या फिरवून ठोकल्या. गंजकी बाजू आता बाहेर आहे. भाऊसाहेबांची अख्खी कार्यकारिणी आतल्या अंधारात, पेट्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभी आहे. त्यांचा महोत्सव होईल. होऊ दे, हॉल त्यांचाच आहे. सभेच्या रविवारी शेड उघडी राहील, असं चाचा म्हणाले.

पण चौकोन त्याच दिवशी भरले. आयोजकांनी शेवटी लिहायचं, या नियमाप्रमाणे मी थांबले. शबानाने लिहिलं, 'नवरा बोटीवरून सांगतो तिथंच बोट हाय काय, कसा बघायचा?' मास्तरांनी लिहिलं, 'नातवाच्या फोनवरचे खेळ बंद कसे करावे', आणि 'करावेत का' असं तुझ्या भावाने त्याखाली जोडलं. चाचांना दुकानातल्या त्या बोलणाऱ्या डब्याबद्दल विचारायचं होतं, तो 'पैसे आले' म्हणतो आणि बँक 'नाय' म्हणते.

शेवटचा चौकोन उरला. मी लिहिलं: 'सभेने ठराव करावेत की नाही. संजूताई विरुद्ध मी.'

समोर तुझी पेटी उलटी घालून ठेवली आणि बसले. चार माणसं ऐकायला आली. माझी बाजू मांडली. तुझी मांडायला कुणी पुढे येईना, म्हणून तीही मीच मांडली, आणि सांगायला राग येतो, पण ती माझ्यापेक्षा बरी झाली. शबाना म्हणाली, "आता निकाल काय?" म्हटलं, निकाल नाही. ठरावावर ठराव कसा करणार? ती हसली आणि उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. मग बाकीचेही गेले. मी पाऊण तास बसून राहिले, तुझ्या पेटीसमोर.

उठून जाणाऱ्याला थांबवायचं नाही, त्याच्यावर राग धरायचा नाही. नियम तुझाच, संजूताई. थांबवायला आम्हाला जमलं नाही.

राग मी धरलाय.